महिपत आग्रे आणि बर्फावरचे पक्षी

पालीच्या बाजारात एक उंचापुरा, मिशीवाला गडी दीड वर्षाच्या पोरीला कडेवर घेऊन भेंडी निवडतो आहे, हे १९८७ साली कुणाच्या नजरेतनं सुटण्यासारखं नव्हतं. पोरीचं नाक वाहायला लागलं की तो खिशातला रुमाल काढून पुसायचा आणि रुमाल पुन्हा चौकोनी घडी करून ठेवायचा. लष्करातली सवय. भाजीवाल्या बाया एकमेकींना कोपराने ढोसायच्या. लांज्याकडनं आलेल्या एका मिरचीवालीने एकदा हळहळून विचारलं, की बिचाऱ्याची बायको कधी गेली? शेजारी बसलेली सखू म्हणाली, "गेली ती रत्नागिरीला गेली. शिकाया." मिरचीवालीला हे बायको मेल्यापेक्षा वाईट वाटलं असावं, कारण तिने पुढे काही विचारलंच नाही.

महिपतच्या कानांवर हे सगळं पडायचं. तो भांडायचा नाही आणि समजावत बसायचाही नाही. एका हातात पोर, दुसऱ्या हातात पिशवी, आणि वाट पायाखालची. पालीहून आत वळलं की काजूची झाडं, मग उघडा कातळ, मग उतार, आणि उताराच्या तळाशी वाडी. या वाटेने वाडीतले पुरुष मुंबईला जात आले होते आणि गणपतीला नि शिमग्याला परत येत आले होते. मधल्या काळात पोरं जन्मायची, आजारी पडायची, जगायची किंवा जायची, ते बायकांनी बघायचं. महिपतचा बाप धाकू गिरणीत होता. महिपतला तो आठवायचा तो ट्रंक उघडून खाऊ देणारा पाहुणा म्हणून. पाहुण्याची ओळख होईपर्यंत त्याची रजा संपायची.

महिपत स्वतः अठराव्या वर्षी लष्करात गेला. बंदुकीपेक्षा त्याचा हात गाडीच्या इंजिनावर चांगला बसला, म्हणून त्याला वर्कशॉपमध्ये टाकलं. लडाखच्या थंडीत डिझेल गोठतं तेव्हा गाडी कशी जिवंत ठेवायची, हे तो तिथे शिकला. लग्न झालं ते अलोऱ्याच्या तुळसाशी. तिचा बाप कोयना प्रकल्पावर कामाला होता. वसाहतीत शाळा होती, त्यामुळे पोरगी मॅट्रिक झाली. वाडीत मॅट्रिक झालेली सून ती पहिलीच. तिच्या शिक्षणाचा उपयोग वाडीला झाला तो मुंबईची पत्रं वाचून दाखवायला.

तुळसाचं पहिलं मूल मुलगा होता. चार दिवस जगला. दुसरी मुलगी होती, ती रडलीच नाही. दोन्ही वेळा पावसाळा होता, वाटेतल्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी होतं, आणि नर्सबाई पालीहून येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. दोन्ही वेळा महिपतला तार उशिरा मिळाली. तो घरी पोचला तेव्हा बाळंतिणीची बाजसुद्धा उचलून ठेवलेली होती. तुळसाने त्याला काही सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. रजा संपली, तो गेला.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर तो रजेवर आला तो बातमी घेऊनच. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर आपल्या देशाचा तळ होता. तिथे वर्षभर राहणाऱ्या तुकडीत बर्फावर चालणाऱ्या गाड्या आणि विजेची इंजिनं सांभाळायला त्याची निवड झाली होती. वाडीला एवढंच कळलं, की महिपत मुंबईच्याही पलीकडे, फार लांब चालला आहे. त्याची आई काशी हिने नारळ वाढवला. डिसेंबरात गोव्याहून जहाज सुटलं.

तुळसाला दिवस गेले आहेत ही बातमी त्याला बर्फावर मिळाली, फेब्रुवारीच्या अखेरीस. पालीच्या नर्स मथुराबाई यांनी तार केली होती आणि ती कुठून कुठून फिरत वायरलेसवर आली होती. जहाज अजून बर्फाच्या कडेला उभं होतं. उन्हाळ्यापुरते आलेले लोक सामान चढवत होते. तुकडीच्या प्रमुखांनी महिपतला बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं, की परत जायचं असेल तर आत्ताच सांग, तुझ्या जागी राहायला दुसरा मेकॅनिक तयार आहे. जहाज गेलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत इथून कुणी हलणार नाही.

महिपतने फार वेळ घेतला नाही. परत जाऊन आपण करणार काय, असं त्याला वाटलं. बाळंतपण बायकांचं काम. घरी आई आहे, मथुराबाई आहेत. आपण दारात बसून विड्या ओढणार, त्यापेक्षा इथे इंजिनाला तरी उपयोग आहे. तो राहतो म्हणाला. जहाज दिसेनासं झालं तेव्हा मात्र तो बराच वेळ तिथेच उभा राहिला, आणि मग हातमोजे चढवून कामाला लागला.

समुद्र गोठायला लागला तो मार्चमध्ये. आधी पाण्यावर भाताच्या पेजेवर येते तशी साय आली, मग तिच्या लाद्या झाल्या, मग लाद्या एकमेकींना चिकटून इतक्या घट्ट झाल्या की त्यांच्यावरून गाडी चालवावी. त्याच गोठलेल्या समुद्रावर, एप्रिलमध्ये, त्याने पहिल्यांदा मोठ्या पेंग्विनांची रांग पाहिली. माणसाच्या कमरेएवढे उंच, पाठ काळी, पोट पांढरं, मानेजवळ हळदीचा हात पुसल्यासारखा पिवळा पट्टा. एकामागोमाग एक चालले होते. चालून दमले की पोटावर पडायचे आणि पायांनी ढकलत घसरत जायचे. समुद्राच्या उघड्या पाण्याकडे पाठ करून ते आत, जमिनीच्या दिशेने निघाले होते.

तुकडीत केरळचे एक प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणत. महिपत गाडी चालवायचा म्हणून त्यांच्याबरोबर त्याचं जाणं होई. त्याने विचारलं, की थंडी वाढत चालली असताना हे पाण्याकडे जायचं सोडून उलटे कुठे निघालेत? डॉक्टरसाहेब म्हणाले, "अंडी घालायला."

महिपतला वाटलं, आपलं हिंदी चुकलं. कोंबडीसुद्धा आडोसा बघून अंडं घालते. इथे तोंडातली वाफ दाढीवर गोठत होती आणि सूर्य रोज थोडा थोडा खाली चालला होता. डॉक्टरसाहेबांनी समजावून सांगितलं, की पिल्लाला वाढायला फार महिने लागतात. ते मोठं होऊन पाण्यात उतरेल तेव्हा उन्हाळा असला पाहिजे, पाणी उघडं आणि मासळी भरपूर. म्हणून सुरुवात हिवाळ्यात करावी लागते. बाकीचे पक्षी थंडी आली की उत्तरेला पळतात. हे एकटेच थंडीच्या तोंडावर येऊन उभे राहतात.

त्यांची वसाहत तळापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होती. समुद्रातच अडकून पडलेले बर्फाचे दोन डोंगर होते, त्यांच्या आडोशाला. मे महिन्यात सूर्य पुरता बुडायच्या आधी डॉक्टरसाहेबांनी तिथे मुक्काम टाकला. वास आधी आला, आणि महिपतला रत्नागिरीचा मासळीचा धक्का, मिरकरवाडा, आठवला. मग आवाज आला. हजारो पक्षी, आणि प्रत्येकजण मान खाली घालून कर्णा वाजवल्यासारखा ओरडत होता. डॉक्टरसाहेब म्हणाले, की हीच त्यांची नावं. तोंडावरून कुणी कुणाला ओळखत नाही. जोडी जमली की नर-मादी एकमेकांचा आवाज पाठ करतात.

घरटं नव्हतं. घरटं बांधायला काडी नव्हती, खडा नव्हता. मादीने अंडं घातलं की ते तिच्याच पायांवर राहायचं, वरून पोटाच्या कातडीची घडी पडायची. सोललेल्या नारळाएवढं एकच अंडं. ते पोटात घडवता घडवता ती अर्धी झालेली असायची. आता तिला समुद्रावर जाऊन खायलाच हवं होतं, नाहीतर ती मरणार. म्हणून अंडं नराकडे द्यायचं. दोघं समोरासमोर उभी राहायची, पाय पायांना लावून. मादी अंडं हळूच बर्फावर सोडायची, नर चोचीने ते आपल्या पायांवर ओढून घ्यायचा. क्षणाचा खेळ. जमलं की मादी दोनदा-तीनदा वळून बघायची आणि चालायला लागायची.

एका जोडीला जमलं नाही. मादी कदाचित पहिलटकरीण होती. अंडं तिच्या पायांवरून घसरलं आणि नराला सापडेना. तो चोच पुढे करायचा, अंडं गोल फिरून लांब जायचं. महिपत पुढे निघाला. त्याला ते फक्त बोटाने ढकलायचं होतं. डॉक्टरसाहेबांनी त्याचा दंड धरला. आपण मध्ये पडायचं नाही, हा तिथला नियम होता, आणि तो नसता तरी माणूस जवळ गेल्यावर पक्षी बिथरले असते आणि आणखी चार अंडी घरंगळली असती. तोवर अंड्याला चीर गेलीच. गोठलेलं अंडं दगडासारखं पडून राहिलं. मादी थोडा वेळ थांबली आणि गेली. नर मात्र तिथेच घुटमळला. मग त्याने जवळचा बर्फाचा एक गोळा चोचीने ओढला, पायांवर घेतला, आणि वरून पोट सोडून उभा राहिला.

परतीच्या वाटेवर महिपत गाडी चालवत होता. डॉक्टरसाहेबांनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, माझी दोन गेली. दोन्ही वेळा मी नव्हतो." एवढंच. त्या दिवसापासून ते त्याला केवळ ड्रायव्हर म्हणून नेत नसत.

जूनमध्ये सूर्य उगवायचा बंद झाला. दुपारच्या सुमाराला आकाशाच्या कडेला राखेसारखा उजेड यायचा, तेवढाच दिवस. अशाच एका उजेडात ते पुन्हा वसाहतीवर गेले. आता तिथे फक्त नर होते. वारा असा, की तोंड उघडलं तर दात दुखावेत. सगळे एकमेकांना खेटून, माना खाली घालून, एकच काळा गोळा होऊन उभे होते. महिपतला आधी वाटलं, हे हलतच नाहीत. नीट बघितल्यावर कळलं, की सगळा गोळाच सरकतो आहे. वाऱ्याच्या बाजूचे कडेकडेने मागे जात होते आणि आडोशाला शिरत होते, आणि आतले हळूहळू उघड्यावर येत होते. कुणी कुणाला ढकलत नव्हता, कुणी आतली जागा अडवून बसत नव्हता. प्रत्येकाच्या पायांवर अंडं होतं, त्यामुळे पाऊल उचलायचं नाही, फरफटत सरकायचं. खाणं काही नाही. तहान लागली तर बर्फ. अंगावरची चरबी जाळत ते असे दोन महिने अंड्यावर उभे राहतात, आणि वसाहतीवर यायला निघाल्यापासूनचा उपास धरला तर चार महिन्यांच्या आसपास, असं डॉक्टरसाहेब म्हणाले.

महिपत मेकॅनिक माणूस. त्याला आधी हिशेब दिसला, की एवढ्याशा इंधनावर एवढे दिवस मशीन चालवायचं तर किती सांभाळून चालवावं लागेल. मग त्याला घर दिसलं. तुळसाला तेव्हा सातवा लागला होता. पुढे तो स्वतःच सांगायचा, की बाळंतपण बायकांचं काम, हे जे आपण जहाज सुटताना मनाशी म्हटलं होतं, ते त्या थंडीत आठवलं आणि आपलंच आपल्याला कसंतरी वाटलं. कुणी बोल लावला नव्हता. पण वाटलं.

ऑगस्टमध्ये सूर्य परत आला होता. वायरलेसवाल्याने त्याला जनरेटरच्या खोलीत येऊन निरोप दिला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. मथुराबाई या वेळी आठवडाभर आधीच वाडीत येऊन राहिल्या होत्या. आचाऱ्याने शिरा केला, सगळ्यांनी महिपतच्या पाठीत थापा मारल्या. तो हसला, शिरा खाल्ला, आणि जनरेटरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिथे आवाज एवढा असतो, की आतलं बाहेर काही ऐकू येत नाही.

त्यानंतर वसाहतीवर गेले तेव्हा पिल्लं झाली होती. मूठभर, राखाडी, डोळ्यांभोवती पांढरा चष्मा, बापाच्या पोटाखालून डोकं काढणारी. ज्यांची आई वेळेत आली नव्हती त्यांना बाप, स्वतः इतके महिने उपाशी असून, गळ्यातनं दुधासारखं काहीतरी काढून भरवत होता. आणि माद्या येत होत्या. समुद्रावरनं, कित्येक कोस चालून, पोटात मासळी घेऊन, तुकतुकीत. वसाहतीच्या कडेला थांबून त्या ओरडायच्या. हजारांच्या गलक्यातनं एक नर मान वर करून उत्तर द्यायचा.

त्यातल्या एका नराने महिपतचं लक्ष वेधलं. त्याची मादी आली. त्याने ओळखलं. दोघांनी माना डोलावल्या. तिने पुढे होऊन पिल्लू मागितलं, आणि याने पोट झाकून घेतलं. ती वाकून बघायला लागली की हा पाठ फिरवायचा. अंगात काही उरलं नव्हतं, छातीचं हाड दिसत होतं, तरी देईना. महिपतला हसू आलं. डॉक्टरसाहेब हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, की याला आता समुद्र गाठायचा आहे, आणि वाट लांब आहे. आज नाही दिलं, उद्या नाही दिलं, तर हा वाटेतच पडेल. संध्याकाळी ते मुक्कामाच्या तंबूकडे निघाले तेव्हाही तो तसाच पाठ फिरवून उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू मादीच्या पायांवर होतं आणि नर तिथे नव्हता.

शहाऐंशीच्या एप्रिलमध्ये महिपत घरी आला. मुलीचं नाव हेमा ठेवलं होतं. ती अंगणात रांगत होती. त्याची दाढी बघून तिने एवढं भोकाड पसरलं, की काशीने त्याला आधी न्हाव्याकडे पाठवलं. दाढी काढल्यावरही हेमा चार-पाच दिवस त्याच्याकडे यायला तयार नव्हती. एका दुपारी तो ओटीवर झोपला असताना ती रांगत आली आणि त्याच्या मिशीचा केस ओढून बघायला लागली. तो झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची नोकरी पुरी झाली आणि पेन्शन लागली. वाडीतल्या इतरांसारखा तोही आता मुंबईला एखाद्या कारखान्यात चिकटणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. मुंबईहून एकाने जागा बघूनही ठेवली होती. तेवढ्यात मथुराबाई घरी आल्या. रत्नागिरीला नर्सचं शिक्षण सुरू होणार होतं, दीड वर्षाचं. मॅट्रिक झालेली बाई हवी. तिथेच राहावं लागेल, आणि मूल बरोबर ठेवता येणार नाही. मथुराबाई म्हणाल्या, की खेडोपाडी जायला बाया मिळत नाहीत, आणि तुळसाइतकं हे काम कशासाठी असतं ते कुणाला कळणार आहे?

तुळसा चूल फुंकत राहिली. पण महिपतने पाहिलं, की त्या दिवशी तिने भाकरी करपवली.

काशीला पटणं शक्यच नव्हतं. तिची नजर अधू झाली होती, धावत्या पोरीमागे तिला धावता येत नव्हतं. पोरगी बघणार कोण, हा तिचा प्रश्न खरा होता. महिपत म्हणाला, की मी बघेन. काशीला हे थट्टेत घ्यावं की रागाने, कळेना.

"तुज्या बापसान कदी तुला उचललान व्हता काय?" ती म्हणाली. "तरी वाडलास ना?"

"मी वाडलो, आये. माजी दोन वाडली नाय. तवा मी कुटं व्हतो?"

त्या दोघांची नावं या घरात कुणी काढत नसे. नावं ठेवलीच नव्हती म्हणा. रात्री जेवताना महिपतने आईला आणि तुळसाला बर्फावरच्या पक्ष्यांचं सगळं सांगितलं. मादी समुद्रावर कशी जाते आणि नर कसा थांबतो, ते. काशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, की पाखरांना काय, त्यांना वाडीत तोंड दाखवायचं नसतं. पण जानेवारीत तुळसा निघाली तेव्हा तिच्या पिशवीत मेतकूट आणि कुळथाचं पीठ काशीनेच बांधून दिलं होतं.

पोर सांभाळणं म्हणजे काय, हे महिपतला पहिल्याच आठवड्यात कळलं. गाडी बंद पडली की ती निदान गप्प असते. पोरगी बंद पडली की ओरडते, आणि बिघाड कुठे आहे ते सांगत नाही. आई कुठे म्हणून ती दारात जाऊन बसायची. त्याने तिला गुरांच्या गोठ्यात नेलं, गवत ठेवायच्या मांगराच्या मागे नेलं, खांद्यावर बसवून कातळावर नेलं. पेज निववून भरवायला, केस विंचरायला, अंगाला तेल लावायला शिकला. भागोजी म्हणून त्याचा बाळपणीचा मित्र होता, तो जाता-येता विचारायचा, "काय रं महिपत, दूध उतरला काय?" महिपत म्हणायचा, की उतरतं तसंही. आणि त्या नराच्या गळ्यातल्या दुधाचं त्याला सांगायचा. भागोजीला ती शुद्ध थाप वाटायची.

त्या पावसाळ्यात हेमाला हगवण लागली. सकाळपासून पाणी पाणी होत होतं आणि दुपारपर्यंत पोरगी मान धरीना. तुळसा सुट्टीवर आली असताना तिने त्याला शिकवून ठेवलं होतं, की उकळून गार केलेल्या पाण्यात साखर-मीठ घालून चमच्या-चमच्याने देत राहायचं, ओकली तरी थांबायचं नाही. तो देत राहिला. मग पोरीला उघड्या छातीशी धरून वरून सदरा घातला, त्यावर घोंगडी घेतली आणि पालीची वाट धरली. पऱ्याला गुडघ्याच्या वर पाणी होतं. भागोजी नांगर सोडून आला आणि खालच्या अंगाला उभा राहिला, पाय घसरला तर धरायला. पलीकडे गेल्यावर तो मागे फिरला नाही, पालीपर्यंत बरोबर गेला. महिपत थांबून थांबून सदऱ्यात चमचा घालत होता. पालीला डॉक्टरांनी सलाईन लावलं. संध्याकाळी हेमाने डोळे उघडून पेज मागितली. त्यानंतर भागोजीने दुधाचं कधी विचारलं नाही.

तुळसा सुट्टीला यायची तेव्हा निराळंच व्हायचं. हेमा आईकडे जायची, पण पडली, लागलं, झोप आली, की बापाकडे धावायची. तुळसा पदराआड डोळे पुसायची. महिपतला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं.

अठ्ठ्याऐंशीच्या मध्यावर तुळसाचं शिक्षण संपलं आणि तिला जयगडच्या बाजूला नेमणूक मिळाली. खाडीकाठचं उपकेंद्र, राहायला दोन खोल्या. ती हेमाला न्यायला आली. महिपतने आधी पावसाचं निमित्त सांगितलं. पाऊस सरला तेव्हा म्हणाला, की भात कापून होऊ दे, इथे तिला सवय आहे. भात कापून झालं तेव्हा म्हणाला, की आईला करमणार नाही. शेवटी तुळसाने पिशवी खाली ठेवली आणि त्याच्यासमोर बसली.

"मी तिची आई आहे, हे तुम्हाला सांगावं लागतंय का?"

"मी कुठं नाही म्हणतोय?"

"नाही म्हणत नाही. पण देतही नाही." मग तिने विचारलं, "तुम्ही तो एक पक्षी सांगितला होता, पाठ फिरवून उभा राहिलेला. तो समुद्रावर पोचला का?"

"माहीत नाही," महिपत म्हणाला. "सकाळी तिथं नव्हता, एवढंच बघितलं."

"दोन वर्षांत तुम्ही कुठल्या इंजिनाला हात लावलेला नाही," तुळसा म्हणाली. "बाजाराला जाता नि येता. कुणाशी बोलत नाही. तुमच्या अंगात काय उरलंय ते मला दिसत नाही का?"

महिपत उठून कातळावर गेला आणि बऱ्याच वेळाने आला. आल्यावर त्याने हेमाचे झबले-परकर एकेक करून घडी घातले आणि ट्रंकेत भरले. दुसऱ्या दिवशी तो दोघींना एस.टी.त बसवायला पालीच्या थांब्यावर गेला. हेमा खिडकीतनं त्याच्याकडे हात करून रडत होती. गाडी निघून गेल्यावर त्याला हातांचं काय करावं ते कळेना. हात रिकामे होते आणि अवघडलेले होते. तो तसाच चहाच्या दुकानात जाऊन बसला.

पहिले काही महिने तो शनिवारी जयगडला जायचा आणि सोमवारी परतायचा. अशाच एका खेपेला बंदरावर एक लाँच इंजिन बिघडून उभी होती आणि मालक रत्नागिरीच्या मिस्त्रीची वाट बघत होता. महिपतने बघू का विचारलं. इंजिन दुपारी चालू झालं. पुढच्या शनिवारी त्याच्यासाठी दुसरे दोघे थांबले होते. वर्षाच्या आत त्याने बंदराजवळ पत्र्याची शेड टाकली. काशी मात्र घर सोडायला तयार नव्हती. पण त्या उन्हाळ्यात तिला दिसणं जवळजवळ बंदच झालं, तेव्हा भात-जमीन भागोजीला खंडाने कसायला देऊन महिपत तिला घेऊन आला. मासळीचा वास मारतो म्हणून ती महिनाभर कुरकुरली, आणि मग सगळ्यांत जास्त मासळी तीच खायला लागली.

तुळसा खाडीपलीकडच्या वाड्यांवर होडीने जायची. कुणाचे दिवस भरत आले असले की मथुराबाईंसारखी आधीच जाऊन राहायची. अशा वेळी दोन-दोन दिवस घरी नसे. घरी भाकऱ्या महिपत थापायचा, आणि त्या तिच्यापेक्षा बऱ्या व्हायच्या, असं हेमाचं मत होतं. एकोणनव्वदच्या जूनमध्ये हेमाला बालवाडीत घातलं. पहिल्या दिवशी तुळसा पलीकडे एका बाळंतिणीपाशी अडकली होती, म्हणून महिपत पोचवायला गेला. शाळेच्या दारात पोरीने त्याचा हात सोडला आणि मागे न बघता आत पळाली. बाईंनी त्याला सांगितलं, की थांबायची गरज नाही. तो हो म्हणाला, थोडा वेळ भिंतीजवळ उभा राहिला, आणि मग शेडवर गेला. एका लाँचचा पंप उघडून ठेवला होता, तो दुपारच्या भरतीच्या आत बसवायचा होता.